लोखंडाचा एक अणू आणि हवेतला नत्र : अमोनियाच्या धंद्याचा नवा हिशेब

कापडवाल्याने रसायनशास्त्रावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण छपाईच्या मालाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना युरिया म्हणजे केवळ शेतकऱ्याचे खत नव्हे, हे सांगायला नको. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगाची छपाई करायची तर पेस्टमध्ये युरिया हवाच. वाफ देताना तो ओल धरून ठेवतो, रंग विरघळलेला राहतो आणि धाग्यात शिरतो. युरिया कमी पडला की रंग फिका येतो आणि गिऱ्हाईक ठाण परत पाठवते. किलोभर पेस्टमध्ये शंभर ग्रॅमच्या वर युरिया जातो, म्हणजे मोठ्या प्रोसेस हाऊसला दिवसाला किती गोणी लागत असतील याचा अंदाज करा.

२०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत औद्योगिक युरियाचे भाव भडकले तेव्हा माझ्या ओळखीच्या एका छपाईवाल्याने मीटरमागे दर वाढवून मागितला. मी म्हटले, भाई, सूत महागले म्हणून दर वाढव, मजुरी वाढली म्हणून वाढव, पण युरियासाठी? तो म्हणाला, युरोपात गॅस महाग झाला आहे. मी हसलो. युरोपातला गॅस आणि आपल्या कापडावरचे फूल यांचा काय संबंध! घरी येऊन चौकशी केली, वाचन केले, आणि हसण्याची चूक ध्यानात आली. (शेतकऱ्याला ४५ किलोची गोण २४२ रुपयांना मिळते, निमलेप आणि कर वेगळे. ती अनुदानाची गोण कारखान्यात वापरणे गुन्हा आहे. काही लोक तो मोह आवरत नाहीत, पण छापा पडला की माल, परवाना आणि अब्रू तिन्ही जातात.)

संबंध असा. युरिया बनतो अमोनियापासून, आणि अमोनिया बनतो हवेतला नत्र व हायड्रोजन यांच्यापासून. नत्र फुकट आहे, पण हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून काढतात; चीनमध्ये बराचसा कोळशातून. त्यामुळे गॅस महागला की अमोनिया महागतो, अमोनिया महागला की युरिया, आणि युरियाच्या पाठोपाठ शेतकऱ्यापासून छपाईवाल्यापर्यंत सगळे. त्या दोन वर्षांत युरोपातील कित्येक अमोनिया कारखान्यांनी उत्पादन कमी केले किंवा बंद ठेवले. ही साखळी कोठे तोडता येईल का, या प्रश्नावर जगातल्या काही प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम चालू आहे, आणि त्यांच्या हाती असलेले हत्यार आहे साधे लोखंड.

नौशादरपासून हवेपर्यंत

अमोनिया आपल्या कारागिरांना नवा नाही. तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि नाकात झणझणीत वास जातो, तो वास अमोनियाचाच. उर्दूत याला नौशादर म्हणतात, आणि शाळेत आम्ही रसायनशास्त्राला कीमिया म्हणायचो. जाबिर बिन हय्यान यांच्या नावावर असलेल्या जुन्या अरबी ग्रंथांत नौशादरचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तो केसांपासून काढण्याची रीतही त्यांत आहे. पुढे इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून त्यांच्या काजळीतून नवसागर काढीत आणि तो युरोपला विकला जाई. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाचा गॅस करणाऱ्या कारखान्यांतून अमोनिया मिळू लागला आणि खतासाठी दक्षिण अमेरिकेतील चिलीचा सोरा जहाजे भरभरून युरोपात येऊ लागला. शेण, केस, कोळसा, सोरा, जे मिळेल त्यातून नत्र खरवडून काढायचा, असा तो धंदा होता.

आणि डोक्यावर हवेचा समुद्र! हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. पण हा नत्र कोणाच्या कामाचा नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तीन गाठींनी बांधलेले आहेत. रसायनशास्त्रात इतकी पक्की जोडी क्वचित सापडते. ही गाठ सुटल्याशिवाय नत्र दुसऱ्या कोणाशी सोयरीक करीत नाही.

ती सोडवली जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांनी. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहे येथे त्यांनी बीएएसएफ या रंगांच्या कंपनीच्या माणसांना (हो, रंगांच्याच! ही कंपनी नीळ आणि इतर रंगांवर मोठी झाली) आपले यंत्र चालवून दाखविले. प्रचंड दाब, भट्टीची उष्णता, आणि आत ऑस्मियम नावाची दुर्मिळ धातू. अमोनिया थेंब थेंब पडू लागला. हाबर यांनी कंपनीला सल्ला दिला की जगात मिळेल तेवढे ऑस्मियम आताच विकत घेऊन ठेवा. कंपनीने घेतलेही, पण सगळे मिळून ते शंभर किलोच्या आसपास भरले. एवढ्यावर कारखाना कसा चालणार?

येथे आल्विन मिटाश या माणसाचे काम सुरू झाले. त्याने छोटी छोटी परीक्षणयंत्रे करून घेतली आणि एकामागून एक पदार्थ तपासायला लावले. १९१२ पर्यंत सुमारे अडीच हजार पदार्थांवर साडेसहा हजार चाचण्या झाल्या. त्यांत स्वीडनमधील गॅलिव्हारे येथील लोखंडाच्या खनिजाचा एक नमुना एकदम चांगला चालला. गंमत अशी की शुद्ध लोखंड घेतले तर ते काम करीना. मग लक्षात आले की करामत लोखंडाची असली तरी साथ भेसळीची आहे. त्या खनिजात मिसळलेले थोडेसे ॲल्युमिना, चुना आणि पोटॅश लोखंडाला बळ देतात. रंगारी लोकांना हे लगेच पटेल. तुरटीशिवाय जुने रंग कापडावर बसत नसत, आणि तुरटीतही ॲल्युमिनियमच असते.

पण माझ्या मते यातला खरा हुन्नर कार्ल बॉश यांचा. इतक्या दाबाला आणि उष्णतेला पोलादी नळ्या काही दिवसांत फुटू लागल्या. बॉश यांनी फुटलेली नळी कापून पाहिली, तेव्हा दिसले की हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खाऊन टाकतो आणि पोलाद ठिसूळ होते. पोलादाची ताकद तर कार्बनमुळेच! मग त्यांनी आत मऊ, कार्बन नसल्यासारख्या लोखंडाचे अस्तर घातले आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोके पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात न अडकता भोकांतून बाहेर निघून जाऊ लागला. अस्तर हवा सांभाळते, बाहेरचे कवच दाब सांभाळते. मोठमोठी गणिते एकीकडे आणि लोहाराला सुचेल अशी ही युक्ती एकीकडे. १९१३ साली ओपाउ येथे कारखाना सुरू झाला. हाबर यांना १९१८ चे आणि बॉश यांना १९३१ चे नोबेल मिळाले.

या मालाने युद्धात दारूगोळाही पुरविला, आणि २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाउ येथेच खताच्या गोदामाचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली, हेही लिहिले पाहिजे.

आजचा कारखाना काय खातो

शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मूळ पद्धत तीच आहे. चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस उष्णता, हवेच्या दाबाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब, आणि लोखंड. एका फेरीत पाचव्या हिश्श्याइतकाही अमोनिया होत नाही. उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. याचे कारण एक पेच आहे. थंडीत नत्र हलत नाही, म्हणून तापवावे लागते. पण तापवले की तयार झालेला अमोनिया पुन्हा मोडू लागतो, म्हणून दाब वाढवावा लागतो. दाबासाठी मोठे कॉम्प्रेसर, त्यासाठी मोठे भांडवल, आणि ते परवडण्यासाठी मोठा कारखाना. त्यामुळे आजचे नवे कारखाने दिवसाला दोन-तीन हजार टनांचे असतात. हा धंदा लहान माणसाचा राहिलेला नाही.

उत्तम कारखान्यातसुद्धा एक टन अमोनियाला अठ्ठावीस ते तीस गिगाज्यूल ऊर्जा लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे आठ हजार युनिट विजेइतकी. जगात वर्षाला अठरा कोटी टनांच्या आसपास अमोनिया बनतो. जगाच्या एकूण ऊर्जेतील सुमारे दोन टक्के ऊर्जा या एका मालात जाते आणि वर्षाला पंचेचाळीस कोटी टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. पण लोखंडाबद्दल मात्र तक्रार नाही. एकदा भरलेले लोखंड दहा वर्षांहून अधिक काळ काम देते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

जमिनीतला कारागीर

आता दुसरी बाजू. तूर, हरभरा, भुईमूग उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हेच काम करतात. भट्टी नाही, कॉम्प्रेसर नाही, जमिनीच्या साध्या उबेत हवेतला नत्र घेऊन अमोनिया करतात. त्यांच्या अंगात नायट्रोजिनेज नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या पोटात एक चिमुकला गठ्ठा: लोखंडाचे सात अणू, गंधकाचे नऊ, मॉलिब्डेनमचा एक आणि मधोमध कार्बनचा एक. या गठ्ठ्याचा आराखडा १९९२ साली हाती आला, आणि मधला अणू कार्बनचा आहे हे ठरायला २०११ साल उजाडले.

जंतूंनाही हे काम फुकटात होत नाही. पेशीत ऊर्जेची नाणी असतात असे समजा. नत्राचा एक रेणू फोडायला जंतूला अशी सोळा नाणी मोजावी लागतात. तरीही थंडीत आणि विनादाब काम होते, ही मोठी गोष्ट.

बरीच वर्षे शास्त्रज्ञांना वाटे की यात खरा उस्ताद मॉलिब्डेनम असावा. पण पुढे असे जंतू सापडले की ज्यांच्याकडे मॉलिब्डेनमऐवजी व्हॅनेडियम आहे, आणि असेही की ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत, फक्त लोखंड आहे. तिन्ही प्रकारांत समान काय? लोखंड. मग प्रश्न उभा राहिला की लोखंड एकट्याने हे काम करू शकते का? भट्टीतल्या लोखंडाच्या ढिगाने नव्हे, एका रेणूत बसवलेल्या एका अणूने?

पॅसाडेनाचा रेणू

सुरुवातीचा मान मॉलिब्डेनमलाच मिळाला. २००३ साली अमेरिकेतील एमआयटी येथे दिमित्री यान्दुलोव आणि रिचर्ड श्रॉक यांनी मॉलिब्डेनमचा एक रेणू तयार केला. साध्या तापमानात, साध्या दाबात त्याच्या एका अणूने अमोनियाचे आठाच्या आसपास रेणू केले. लोखंडाला त्यानंतर दहा वर्षे लागली. मध्ये २०११ साली पॅट्रिक हॉलंड यांच्या चमूने (ते तेव्हा रोचेस्टर विद्यापीठात होते) लोखंड आणि पोटॅशियम यांच्या साहाय्याने नत्राची गाठ पूर्ण तोडून दाखविली, आणि त्यातून अमोनियाही निघाला. पोटॅशियम येथेही आले पाहा, मिटाशच्या भेसळीतले. पण तो रेणू एकदा काम करून संपत होता. उत्प्रेरक त्याला म्हणायचे जो काम करून पुन्हा मोकळा होतो आणि दुसरे काम हाती घेतो. एक ठाण विणल्यावर माग मोडला तर त्याला कोण माग म्हणेल?

२०१३ च्या सप्टेंबरात 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेतून जॉन अँडरसन, जोनाथन रिटल आणि जोनास पीटर्स यांचा निबंध आला. त्यांचा रेणू असा: मध्ये लोखंडाचा एकच अणू. त्याला तीन बाजूंनी फॉस्फरसचे तीन अणू धरून आहेत आणि खालून बोरॉनचा एक. वरची जागा मोकळी. त्या मोकळ्या जागी हवेतल्या नत्राचा रेणू येऊन बसतो. मग त्याला एक एक करून इलेक्ट्रॉन आणि आम्लातला हायड्रोजन देत जायचे. लोखंड आणि बोरॉन यांच्यातला बंध गरजेप्रमाणे सैल-घट्ट होऊ शकतो. मागावर ताणा कधी ढिला, कधी ताठ ठेवावा लागतो, तसेच काहीसे. नत्राचे रूप पावलोपावली बदलत असताना लोखंडाला सावरून घ्यायला हा लवचिकपणा उपयोगी पडतो, असे पीटर्स यांचे म्हणणे.

हे सगळे घडले उणे ७८ अंशांवर, म्हणजे सुक्या बर्फाच्या थंडीत, आणि हवेच्या साध्या दाबात. कोठे पाचशे अंशांची भट्टी आणि कोठे ही गोठवणारी थंडी! लोखंडाच्या एका अणूने अमोनियाचे सातच्या आसपास रेणू दिले. दिलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक खरोखर नत्राच्या कामी आले. बाकीचे आम्लाशी परस्पर भिडून हायड्रोजन वायू बनून उडून गेले.

लहानपणी परिसाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तो लागला की लोखंडाचे सोने होते. येथे लोखंड स्वतःच परीस झाले होते.

वही उघडून पाहू

पण आम्ही व्यापारी. परीस दाखवला तरी आधी विचारणार, तोळ्यामागे खर्च किती?

त्या प्रयोगात इलेक्ट्रॉन पुरवायला पोटॅशियम आणि ग्राफाइट यांचे एक मिश्रण वापरले होते. हे हवेत उघडे ठेवले तर पेट घेते, म्हणून सगळे काम बंद पेटीत. हायड्रोजनसाठी वापरलेले आम्ल साधे नव्हे. फ्लोरीनने लगडलेला अवजड रेणू तो, आणि अशी आम्ले ग्रॅमच्या हिशेबाने मिळतात. अमोनियाचा एक रेणू करायला तीन इलेक्ट्रॉन आणि तीन हायड्रोजन लागतात. आता रेणूंच्या वजनावरून मी केलेला हिशेब पाहा. एक किलो अमोनिया हवा, आणि काहीच वाया जाणार नाही असे धरले, तर चोवीस किलो पोटॅशियम-ग्राफाइट आणि एकशेऐंशी किलोच्या आसपास ते आम्ल लागेल. चाळीस टक्केच कामी येते असे धरले तर साठ किलो आणि साडेचारशे किलो. शिवाय एक अणू सात फेऱ्यांत दमणार असेल तर खुद्द लोखंडाचा रेणू पाच किलोच्या वर लागेल. बाजारात हाच अमोनिया टनाने विकला जातो आणि टनाचा भाव काही शे डॉलर असतो!

कोणी म्हणेल, मग हा प्रयोग फुकट गेला. तसे नाही. तो निबंध खताचा कारखाना काढण्यासाठी नव्हताच. लोखंडाचा एकटा अणू हे काम करू शकतो की नाही, एवढाच सवाल होता आणि त्याचे उत्तर मिळाले. नमुन्याचे पहिले ठाण नेहमी तोट्यात निघते, हे विणकराला सांगायला नको. पाहायचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाणाकडे.

दुसरे ठाण बरे निघाले. त्याच चमूने २०१६ साली एका अणूकडून ६४ रेणू करून घेतले. २०१७ साली पोटॅशियमऐवजी कोबाल्टचे एक सौम्य संयुग आणि कमी तीव्रतेचे आम्ल वापरले, तेव्हा आकडा ८४ वर गेला आणि उत्तम प्रयोगांत इलेक्ट्रॉनांपैकी ७२ टक्के नत्राला पोचले. तोपर्यंत हेही उमगले होते की लोखंड दमत नाही, अडकते. त्याच्यावर नत्राऐवजी हायड्रोजन चिकटून बसतो आणि मोकळी जागाच राहत नाही. दुकानाच्या दारात उधारीवाला बसून राहिला की रोखीचे गिऱ्हाईक परत जाते, तसा हा प्रकार. २०१६ सालीच टोकियो विद्यापीठातील योशिआकी निशिबायाशी यांच्या गटाने लोखंडाचा निराळ्या बांधणीचा रेणू करून अमोनिया आणि त्याबरोबर थोडे हायड्राझिन काढले.

मोठी उडी मात्र पुन्हा मॉलिब्डेनमने घेतली. २०१९ साली निशिबायाशी यांनी आम्लाऐवजी साधे पाणी घेतले आणि इलेक्ट्रॉनसाठी समॅरियम आयोडाइड. साध्या तापमानात एका अणूमागे ४,३५० रेणू अमोनिया! हायड्रोजनचा खर्च पाण्याच्या भावात आला, ही फार मोठी बचत. पण समॅरियम आयोडाइड एक किलो अमोनियाला सत्तर किलोच्या वर लागते. एक खर्च सुटला, दुसरा राहिला.

या सगळ्या आकड्यांतून मला एकच दिसते. अडचण लोखंडाची नाही, नत्राची तर नाहीच. अडचण इलेक्ट्रॉनच्या भावाची आहे. पोटॅशियम, कोबाल्ट, समॅरियम ही सगळी सावकारी कर्जे आहेत. स्वस्त इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी मिळतो, विजेच्या तारेत. पण तारेतून थेट दिला तर तो नत्राला भेटण्याआधीच आम्लाला भेटतो आणि हायड्रोजन होऊन उडतो. म्हणून २०२२ साली पीटर्स यांच्या गटाने मध्ये एक आडत्या बसविला. कोबाल्टचा एक रेणू विजेकडून इलेक्ट्रॉन आणि आम्लाकडून हायड्रोजन एकत्र उचलतो आणि जोडीने नत्राच्या हाती देतो. कोबाल्ट स्वतः खर्च होत नाही, पुन्हा माल उचलायला परत जातो. टंगस्टन, मॉलिब्डेनम, ऑस्मियम आणि लोखंड या चारही धातूंच्या रेणूंबरोबर हा आडत्या चालला. फेऱ्यांचे आकडे लहान आहेत. तरी माझ्यासारख्याला २०१३ च्या निबंधापेक्षा हा निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण येथे खर्चाच्या बाजूला विजेचे बिल लिहिता येते.

योजना घेऊन येणाऱ्यांना काय विचारावे

हे सारे आताच लिहिण्याचे कारण असे की 'हवेतून खत' या नावाखाली भांडवल मागणारे लोक दर काही वर्षांनी निघतात, आणि आपल्याकडे दोन पैसे शिलकीत टाकणारा कारागीर अशा बोलण्याला चटकन भुलतो. लहान यंत्र, तालुक्यात बसवा, दाब नको, भट्टी नको, ऐकायला गोड आहे. खरेच झाले तर गॅसवाल्यांची आणि मोठ्या कारखान्यांची मक्तेदारी मोडेल, यात शंका नाही. म्हणूनच नीट विचारून घ्यावे.

अमोनियाच्या प्रयोगात एक फसवा प्रकार आहे. अमोनिया सगळीकडे असतो. हवेत, रबरी हातमोज्यांवर, माणसाच्या श्वासातसुद्धा. प्रयोगात निघणारा अमोनिया इतका थोडा असतो की बाहेरून आलेलाच मोजून लोक खूश होतात. विजेवर अमोनिया केल्याचे कित्येक दावे असेच शंकास्पद निघाले. २०१९ साली डेन्मार्क, अमेरिका व इंग्लंड येथील संशोधकांनी 'नेचर'मध्ये याची कडक तपासणी कशी करावी हे घालून दिले. त्यातली मुख्य कसोटी अशी की नेहमीच्या नत्राऐवजी पंधरा वजनाचा भारी नत्र आत सोडायचा. बाहेर आलेल्या अमोनियात तोच भारी नत्र सापडला तर माल अस्सल, नाही तर हातमोज्यांचा. सोनार कसोटीचा दगड वापरतो, हा त्याचाच भाऊ.

तेव्हा कोणी आला तर त्याला विचारा, भारी नत्राची परीक्षा केली का? एका अणूमागे किती फेऱ्या झाल्या? इलेक्ट्रॉन कोठून येतो आणि किलोमागे किती युनिट वीज पडते? आठ हजार युनिटांत एक टन हा जुन्या कारखान्याचा आकडा त्याच्यापुढे ठेवा. तो या आकड्याला टाळू लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि हेही ध्यानात असू द्या की जुने लोखंड अजून मैदान सोडत नाही. गॅसऐवजी विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि पुढे मिटाशचेच लोखंड, बॉशचाच दाब, अशी दुसरी वाट जगभर धरली जात आहे. भारत सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय मोहिमेला मंजुरी दिली. त्याच्या पुढच्याच महिन्यात बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथील दोनपैकी एक अमोनिया कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. ओपाउ, जेथे हे सारे सुरू झाले, ते याच शहराचा भाग आहे. महाग गॅसने जन्मगावातच भट्टी विझवली.

पॅसाडेना आणि टोकियोतील रेणू दुकानात येईपर्यंत आमच्या छपाईवाल्याने काय करावे, हे मात्र आज सांगता येते. पेस्टमधला युरिया ओल धरण्यासाठी असतो. मग ती ओल दुसऱ्या मार्गाने दिली तर? युरोपातील काही छपाई कारखाने वाफेच्या आधी कापडावर पाण्याचा बारीक फवारा किंवा फेस मोजून देतात आणि युरिया बराच कमी करतात. सांडपाण्यातला अमोनियाही त्याने घटतो, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या नोटिसा कमी. फवारा बसवायला खर्च आहे आणि तो एकसारखा पडला नाही तर डाग पडतात, हे खरे. माझ्या ओळखीच्या त्या छपाईवाल्याने पाच-पाच मीटरचे तुकडे घेऊन चाचणी सुरू केली आहे. पहिल्या तीन तुकड्यांत काळा रंग फिका आला, लाल आणि निळा ठीक आले.